शंका असेल तर ‘येस’: मेलबर्न विमानतळावरच्या तपासणीचा माझा अनुभव

पाचपैकी पाच तारे. कशासाठी, ते सविस्तर लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची तरी आई किंवा सासू आत्ता बॅगा भरायला बसलेली असेल.

२०२४ च्या जूनमध्ये मी आणि हे, आम्ही दोघं मेलबर्नला गेलो. लेकीचं पहिलं बाळंतपण, ऑगस्टची तारीख. मुंबईहून सिंगापूर, सिंगापूरहून मेलबर्न. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. बाळंतपणाला जाणाऱ्या आईच्या बॅगेत काय असतं ते कोणाला वेगळं सांगायला नको. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, खसखस, सुंठ, बाळंतशोपा, ओवा, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. माझी यादी दोन महिने आधीच तयार होती.

पुण्यातल्या एका दुकानातून, नाव लिहीत नाही, परदेशी नेण्यासाठी म्हणून सगळं पॅक करून घेतलं. हवा काढलेल्या जाड पिशव्या, दिसायला अगदी छान. घरी केलेले डिंकाचे लाडू मी स्वतः त्यांच्याकडे नेऊन दिले. पेढे त्यांच्याचकडचे. ‘काकू, आमचं पॅकिंग जगात कुठेही चालतं, कस्टमवाले बघतसुद्धा नाहीत,’ असं त्यांनी काउंटरवरून ठासून सांगितलं. वर म्हणाले, ‘विमानात देतात त्या कार्डावर सगळीकडे नो लिहा, म्हणजे कटकट नाही.’ हा सल्ला किती धोक्याचा आहे ते मला नंतर कळलं. माझ्यासारखी कितीतरी माणसं त्या काउंटरवरून तोच सल्ला घेऊन विमानात बसत असतील.

निघायच्या आठवडाभर आधी लेकीने व्हिडिओ कॉलवर बॅग उघडायला लावली. एकेक पिशवी कॅमेऱ्यासमोर धरायची आणि तिने हो-नाही म्हणायचं. पेढे? नाही. डिंकाचे लाडू? नाही. अळीव? नाही. मी चिडले. म्हटलं, अगं, तुझ्यासाठी तर नेतेय सगळं. तर ती म्हणाली, ‘आई, हवा काढली म्हणून घरचा लाडू कंपनीचा होत नाही. त्यावर ना घटक लिहिलेत, ना बनवणाऱ्याचा पत्ता. अधिकाऱ्याने कशावरून ओळखायचं त्यात काय आहे?’ मी पिशवी उलटसुलट करून पाहिली. खरंच, त्या चकचकीत प्लास्टिकवर दुकानाच्या शिक्क्याशिवाय एक अक्षर नव्हतं.

दुधाचं कारण तर आणखी वेगळं. आपल्याकडे गुरांना लाळ-खुरकूत होते. गावाकडच्या माणसाला त्यात नवल वाटत नाही, लसीकरणाचे डॉक्टर येतात, टोचून जातात. ऑस्ट्रेलियात हा रोग १८७२ नंतर झालेला नाही. शंभरावर वर्षं त्यांनी तो दाराबाहेर ठेवलाय आणि त्यांची सगळी गुरं, मेंढ्या, मांस-दुधाची निर्यात त्यावर उभी आहे. म्हणून लाळ-खुरकूत असलेल्या देशातून खवा, पेढे, बर्फी, गुलाबजाम, सोनपापडी, काही चालत नाही. पेढ्यात विषाणू असेलच असं नाही, पण असला तर काय, हा त्यांचा प्रश्न आहे. हे समजल्यावर माझा राग निम्मा उतरला. पेढे इमारतीत वाटून टाकले, लाडू धाकट्या जावेकडे दिले.

उरला निम्मा राग. तो विमानतळावर उतरला, तेही माझ्या माहेरामुळे.

माझे वडील बार्शीला भुसारी. ज्वारी, तूर, हरभरा, गोण्यांची थप्पी लागलेली वखार, आणि सुट्टीत आम्ही भावंडं त्या गोण्यांवर उड्या मारणारी. तेव्हापासून एक शब्द कानावर आहे: खपरा. खपरा लागला म्हणजे वडिलांचा चेहरा उतरायचा. बारीक, तपकिरी, केसाळ अळी. ती दाणा आतून पोखरते, गोणीच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत, विटांच्या फटीत दडून बसते. खाणं मिळालं नाही तरी महिनोन्‌महिने, कधी वर्षांवर, तशीच पडून राहते आणि धान्य आलं की पुन्हा सुरू. वखार रिकामी करून धुरी दिली, चुना मारला, तरी पुढच्या हंगामात गोणीच्या तोंडाशी तिच्या केसाळ काती दिसायच्या. वडील त्या काती हातावर घेऊन दाखवायचे. फुंकर मारली की उडून जायच्या इतक्या हलक्या.

आता हे वाचा. जगभर त्या किड्याला आपलंच नाव आहे. इंग्रजीतसुद्धा त्याला खपराच म्हणतात. आणि ऑस्ट्रेलियाने २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून जी धान्यं-बियाणी पूर्ण बंद केली, ती याच खपऱ्यामुळे. तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, तूर, चवळी, सोयाबीन, शेंगदाणे, जिरे, धने, बडीशेप, सुक्या मिरच्या. यादी वाचताना मला वडिलांच्या दुकानाची पाटी वाचल्यासारखं झालं. कारखान्यात भाजलेलं, तळलेलं, उकडलेलं आणि कंपनीच्या पाकिटात बंद असलेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण डब्यातून काढून पिशवीत भरलेले अख्खे जिरे-धने नाहीतच. पाव किलोसुद्धा नाही. २००७ मध्ये पर्थकडे एका घरात खपरा सापडला होता, तो त्यांनी निपटून काढला. गव्हाच्या राशी बाहेरदेशी विकणाऱ्या देशाला तो एकदा घरात शिरला तर काय होईल, हे बार्शीच्या भुसाऱ्याच्या मुलीला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष प्रवास.

मेलबर्नच्या विमानात हवाईसुंदरी एक कार्ड देते, इनकमिंग पॅसेंजर कार्ड. माणशी एक, लहान मुलांचंसुद्धा वेगळं. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत भरायचं, स्वतःचं पेन जवळ ठेवा. समोर पासपोर्टची माहिती आणि मग हो-नाहीचे प्रश्न, प्रत्येकापुढे दोन चौकोन, त्यातल्या एकात फुली. औषधं आहेत का? दारू २,२५० मिलिलिटरहून जास्त, किंवा सिगारेटी २५ हून जास्त? परदेशात घेतलेल्या वस्तू, भेटवस्तू धरून, ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर? रोकड १०,००० डॉलरच्या वर? मग खाणंपिणं, धान्य, बिया, झाडांचे भाग, लाकडाच्या वस्तू. माती, किंवा माती लागलेल्या वस्तू. गेल्या ३० दिवसांत शेतावर, जनावरांजवळ गेला होतात का? या कार्डावरची एक ओळ पाठच करून ठेवा: प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचंच, आणि शंका असेल तर येसवर फुली मारायची.

हे सगळीकडे नो लिहायला निघाले होते. दुकानदाराचे शब्द त्यांच्या डोक्यात. मी म्हटलं, अहो, मे महिन्यात आपण गावी शेतावर होतो ना पंधरा दिवस? बैलाला वैरण तुम्हीच टाकत होता. मग तिथे नो कसं? ते जरा थांबले, आणि येसवर फुली मारली. औषधांनाही येस, कारण दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. त्या तीन महिन्यांपुरत्याच न्यायच्या आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. आमचा मुक्काम पाच महिन्यांचा, म्हणून पुढच्या गोळ्यांसाठी तिथल्या डॉक्टरकडे जावं लागलं, ते आधीच ठरवून ठेवलं होतं.

आणखी एक. नाश्त्यासोबत दिलेलं सफरचंद यांनी कोटाच्या खिशात ठेवलं होतं, नंतर खाऊ म्हणून. विमानातलं फळ विमानातच संपवायचं किंवा तिथेच सोडायचं. उतरताना आठवण झाली आणि ते सीटवरच ठेवून आलो. बालीहून डार्विनला आलेल्या एका प्रवाशाच्या पाठपिशवीत २०२२ च्या जुलैमध्ये अंडं-मांसाचे दोन बर्गर आणि एक हॅमचा क्रॉसाँ निघाला होता, जाहीर न केलेला. दंड झाला २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे जवळजवळ दीड लाख रुपये. तेव्हा इंडोनेशियात लाळ-खुरकुतीची साथ होती. त्याआधी २०१९ मध्ये सिडनीला एका व्हिएतनामी बाईंचा व्हिसाच रद्द करून परत पाठवलं होतं. त्यांच्या सामानात कच्च्या डुकराच्या मांसासकट बरंच खाणं होतं आणि कार्डावर ते सांगितलेलं नव्हतं. दोन्हीकडे शिक्षा झाली ती आणलं म्हणून नव्हे इतकी, जितकी लपवलं म्हणून.

पासपोर्टची तपासणी झाली, बॅगा घेतल्या. पट्ट्याजवळून एक लॅब्रेडॉर कुत्रा हँडलरबरोबर हिंडत होता. भुंकत नाही, अंगावर येत नाही. काही सापडलं की नुसता पिशवीजवळ बसतो. आमच्या पुढच्या कुटुंबाच्या पिशवीजवळ बसला, आतून केळं निघालं. पुढे एक अधिकारी कार्ड बघून कुठल्या वाटेने जायचं ते सांगतो. कित्येकांना येस असूनही दोन प्रश्न विचारून सोडून देतात. आम्हाला तपासणीच्या टेबलाकडे पाठवलं. बॅगा मिळाल्यापासून बाहेर पडेपर्यंत आमची चाळीसेक मिनिटं गेली. न्यायला येणाऱ्यांना तसं आधीच सांगून ठेवा.

टेबलापाशी एक तरुण मुलगी होती, हातमोजे घातलेली. सावकाश, स्पष्ट इंग्रजी. मला चष्मा काढून-घालून कार्ड दाखवताना वेळ लागत होता, तिने घाई केली नाही. पहिला प्रश्न: ‘बॅगा तुम्हीच भरल्या का? आता उघडायच्या आधी आणखी काही आठवतंय?’ हा प्रश्न लक्षात ठेवा. ही शेवटची संधी असते, आणि ती देतात.

पाकीटबंद चकली, कंपनीचा गोडा मसाला, चहाची पावडर: पाकिटं उलटसुलट केली, घटक वाचले, ठेवा म्हणाली. यांच्या बॅगेतून अर्धा किलो ब्याडगी मिरच्या निघाल्या. माझ्या बहिणीने दिलेल्या, यांनी मला न सांगता कोपऱ्यात सारलेल्या. सुक्या मिरच्या, म्हणजे खपऱ्याच्या यादीतल्या. तिने शांतपणे बाजूला काढल्या. दंड नाही, दटावणी नाही, कारण कार्डावर येस होतं. म्हणाली, तुम्ही सांगितलंत म्हणून ही फक्त मिरची आहे. हे वाक्य मी घरी सगळ्यांना सांगते.

सावंतवाडीचं लाकडी खेळणं, नातवासाठी घेतलेला रंगीत खुळखुळा, तिने बराच वेळ पाहिला. उजेडात धरला, सांध्यांवर नख फिरवलं. कुठे बारीक भोक आहे का, भुसा पडतोय का, साल राहिली आहे का. नव्हती. रंगाचं कौतुक करून परत दिला. बाळासाठी नेलेली पाच ग्रॅमची साखळी आणि चांदीचे वाळे मी स्वतःहून दाखवले, पावत्यांसकट. सगळं मिळून सुमारे ४० हजार रुपये, त्या दिवसांच्या भावाने सव्वासातशे डॉलरच्या आसपास. मर्यादा मोठ्या माणसाला ९००, अठराखालच्याला ४५०, आणि एकत्र आलेलं कुटुंब आपापल्या मर्यादा एकत्र करू शकतं, म्हणजे आम्हा दोघांना १,८००. एक बारकावा मात्र आहे: मर्यादा ओलांडली तर वरच्या रकमेवर नाही, सगळ्याच वस्तूंवर कर लागतो. बारशाचे दागिने नेणाऱ्या आजी-आजोबांनी हिशेब घरी करून जावा.

मग चपला. यांच्या गावी वापरलेल्या चामडी चपला प्लास्टिकच्या पिशवीत होत्या. मी घासून धुतल्या होत्या, निदान मला तसं वाटत होतं. तिने चप्पल उलटी केली, टाचेच्या शिवणीत बोट दाखवलं. दोऱ्याच्या टाक्यांत आमच्या शेतातली काळी माती, वाळून दगड झालेली, मुगाच्या दाण्याएवढी. मे महिन्यातल्या नांगरटीची. ती चपला आत घेऊन गेली आणि दहा मिनिटांनी ओल्या, स्वच्छ करून आणून दिल्या. पैसे नाहीत, काही नाही. यांना फार भारी वाटलं. आपल्या शेताची माती कोणी इतकी गंभीरपणे घेते, हे ते अजून बोलून दाखवतात.

आता जे लिहायचं होतं ते.

निघताना दाराशी शेजारच्या वहिनींनी माझी ओटी भरली होती. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई, रिकामी कशी पाठवायची? तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, खण. नारळ मी आधीच नको म्हटला होता. ओटी पदरात घेतली, खणातच गाठ मारली आणि हातातल्या पिशवीत तळाशी ठेवली. लेकीच्या कॅमेऱ्यासमोर ती गाठ कधी आलीच नाही, कारण ती तेव्हा नव्हतीच. ‘आणखी काही आठवतंय?’ असं त्या मुलीने विचारलं आणि माझ्या डोळ्यांसमोर दारातल्या वहिनी आल्या. तांदूळ. मी पिशवीत हात घातला आणि गाठ टेबलावर ठेवली.

तिला ओटी म्हणजे काय ते मला इंग्रजीत सांगता येईना. म्हटलं, ब्लेसिंग, फॉर डॉटर, बेबी. तिने मान हलवली. गाठ स्वतः सोडली नाही, मला सोडायला सांगितली. स्टीलच्या ट्रेमध्ये तांदूळ पसरले, वर दिवा लावलेलं भिंग धरलं आणि मग भिंग माझ्याकडे वळवलं. एका दाण्याजवळ एक पोरकिडा चालत होता. तांबूस-काळा, पुढे बारीक सोंड. भिंगाखाली तो केवढा मोठा दिसला! शेजारच्या दाण्याला टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक. हा खपरा नव्हे, हा आपल्या सगळ्यांच्या डब्यात निघणारा, उन्हात घातलं की जाणारा पोरकिडा. पण पुण्यातल्या एका डब्यातून निघून तो माझ्या पिशवीत दहा हजार किलोमीटर जिवंत आला होता. वडिलांच्या हातावरच्या काती आठवल्या आणि मी स्वतःच ट्रे तिच्याकडे सरकवला.

तिने सगळं एका पिशवीत घालून सीलबंद केलं, हळकुंड-सुपारीसुद्धा, कारण तांदळातच मिसळलेलं. कधी कधी स्वतःच्या खर्चाने वस्तूवर प्रक्रिया करून घेता येते किंवा ती परत पाठवता येते, हेही तिने सांगितलं. मूठभर तांदळासाठी ते कोण करणार? मग तिने खण उचलला, दोनदा झटकला, घडी उलगडून शिवणी पाहिल्या आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. हिरवा खण, लाल काठ. ‘धिस इज फॉर द बेबी,’ म्हणाली. मला बोलवेना. ह्यांनी थँक यू म्हटलं.

नियम कडक असणं ही एक गोष्ट, आणि तो राबवणाऱ्या माणसाने समोरच्या बाईच्या ओटीचा मान राखणं ही दुसरी. माझे पाच तारे या दुसऱ्या गोष्टीला आहेत.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच रविवारी जावई आम्हाला डँडेनाँगला घेऊन गेले, फॉस्टर स्ट्रीटवर. भारतीय दुकानांची रांगच आहे. डिंक, अळीव, सुंठ, खारीक, बाळंतशोपा, सगळं पाकिटात, प्रक्रिया होऊन रीतसर आयात झालेलं. भाव पुण्याच्या दुपटी-तिपटीने, हे खरं. पण लाडू तिथे केले, ताजे, आणि लेकीने गरम खाल्ले. पुण्याहून नेलेले दोन आठवड्यांचे लाडू तिने खाल्ले असते का, सांगता येत नाही. तिथल्याच तांदळाने त्याच हिरव्या खणावर लेकीची ओटी भरली.

परतीचं थोडक्यात, पण पैशाचं असल्यामुळे नीट वाचा. ऑस्ट्रेलियातून बाहेर पडताना तिथे भरलेला जीएसटी परत मिळतो. त्याला टुरिस्ट रिफंड स्कीम म्हणतात. एकाच व्यापाऱ्याकडे, म्हणजे पावतीवर एकच एबीएन नंबर (तिथल्या व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक) असेल अशा ठिकाणी, ३०० डॉलर किंवा जास्त खरेदी हवी. मूळ टॅक्स इन्व्हॉइस हवं. रक्कम १,००० किंवा जास्त असेल तर त्यावर आपलं नाव हवं. आणि खरेदी प्रवासाच्या आधीच्या ६० दिवसांतली हवी. आम्ही इथेच चुकलो. जूनच्या थंडीत यांच्यासाठी ३३० डॉलरचा लोकरी कोट घेतला होता. निघालो नोव्हेंबरात. साठ दिवस केव्हाच उलटले होते, परतीचे ३० डॉलर गेले. ऑक्टोबरात घेतलेल्या ५५० डॉलरच्या टॅबचे मात्र ५० मिळाले. किमतीला अकराने भागायचं, तेवढा कर. वस्तू हातातल्या सामानात ठेवायची, कारण काउंटरवर ती बघतात, आणि विमान सुटायच्या निदान अर्धा तास आधी तिथे पोचायचं. चेक-इनच्या बॅगेत टाकून मोकळे झालात तर पैसे विसरा.

आपल्या बाजूने जातानाची काळजी. भारतीय नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात. अंगावरच्या रोजच्या मंगळसूत्र-बांगड्यांना कोणी अडवलं नाही, पण जास्त सोनं घेऊन जाणार असाल तर मुंबईत निघतानाच कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परत येताना ते नवीन घेतलंय की जुनं हा वाद नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, त्या पेट घेऊ शकतात म्हणून. हे माझ्या बहिणीला विमानतळावर कळलं. येताना आमचा टॅब ५०,००० रुपयांच्या तेव्हाच्या मर्यादेत होता, हिरव्या वाटेने बाहेर आलो.

शेजारच्या वहिनी डिसेंबरात मुलाकडे पर्थला निघाल्या. त्यांच्या बॅगा भरताना मी शेजारी बसले होते. अख्खे जिरे, डाळी, पेढे सगळं बाहेर काढलं, यादी लिहून त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवली, सगळ्यात वर कार्डावरची ती ओळ मराठीत. मग त्यांची ओटी भरायला मी ताट घेतलं. आधी त्यांनी पदर पुढे केला, मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘तांदूळ?’ तांदूळ तिथेच देवापुढे ठेवले, सुपारी-हळकुंड ताटातच राहू दिलं, आणि खण तेवढा झटकून त्यांच्या हातात दिला.